‘फ्रोझन रिव्हर’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फिल्म क्लबात हा सिनेमा आतापर्यंत चार वेळा दाखवून झाला. दिवे लागले की दर वेळी साधारण तेच हात वर होतात, तेच प्रश्न येतात, आणि मी तीच उत्तरं दर वेळी थोड्या वेगळ्या चुका करत देते. म्हणून एकदा बसून लिहून काढलं. ज्या उत्तरांत गोष्ट फुटते तिथे प्रश्नापुढेच ‘आधी सिनेमा बघा’ असं लिहिलंय. तरीही वाचलंत तर तक्रार चालणार नाही.

गोष्ट काय आहे, दोन मिनिटांत सांगा.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचं उत्तर टोक, कॅनडाची सरहद्द हाकेच्या अंतरावर, नाताळ तोंडावर आलेला. (न्यूयॉर्क म्हटलं की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात, त्या इथे औषधालाही नाहीत.) रे एडी नावाची बाई एका जुनाट ट्रेलरमध्ये, म्हणजे ओढून आणता येणाऱ्या डबाघरात, दोन मुलांना घेऊन राहते. टीजे पंधरा वर्षांचा, रिकी पाच. नवरा जुगारी. नव्या घरासाठी बाजूला काढलेले पैसे घेऊन तो पसार झालाय. त्याला शोधायला रे बिंगोच्या (आकड्यांच्या जुगाराच्या) अड्ड्यावर जाते, तर त्याची गाडी भलतीच बाई चालवत निघालेली. ती लायला लिटलवुल्फ, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी मोहॉक जमातीची, बिंगोच्या अड्ड्यावरच कामाला. तिचं म्हणणं, गाडी बसस्टँडवर किल्लीसकट बेवारस उभी होती. दोघींची आधी जुंपते. मग पैशाची नड दोघींनाही असल्यामुळे त्या एकत्र धंद्याला लागतात : गोठलेल्या सेंट लॉरेन्स नदीवरून गाडी घालून कॅनडातून माणसं डिकीत लपवून अमेरिकेत आणायची. सिनेमा ९७ मिनिटांचा आहे.

म्हणजे हा गुन्हेगारीपट झाला. तुम्ही कौटुंबिक म्हणून का दाखवता?

कारण प्रत्येक खेपेनंतर कॅमेरा घरी परत येतो. पोलीस मागावर आहेत की नाहीत यापेक्षा घरी सकाळी काय शिजणार याची काळजी सिनेमाला जास्त आहे. रेच्या घरात मुलं पॉपकॉर्न खातात आणि त्यावर टँग पितात. गंमत म्हणून नव्हे, घरात दुसरं काही नाही म्हणून. शाळेतल्या जेवणासाठी ती चिल्लर गोळा करून देते. भाड्याने आणलेला टीव्ही उचलून न्यायला माणूस दारात येतो. या सगळ्याच्या मधे नदी ओलांडली जाते. आपल्याकडे बाई पहाटे उठून चार घरची कामं उरकून येते आणि मग मुलाच्या डब्याला लागते, तशी रे खेप करून येते आणि मग मुलांना उठवते.

या सिनेमात सतत कुणी ना कुणी पैसे मोजत असतं. बघताना एक करून बघा : कुठल्या प्रसंगात कुठली रक्कम तोंडाने बोलली जाते ते कागदावर लिहीत जा. टिपलेली यादी हीच पटकथा आहे, असं माझं मत झालंय.

बजेट खरंच किती होतं?

दहा लाख डॉलरच्या आत. हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमात एवढा पैसा नुसत्या केशभूषेवर जात असेल. चित्रीकरण मार्च २००७ मध्ये, प्लॅट्सबर्ग या गावी, २४ दिवसांत झालं. प्लॅट्सबर्ग शॅम्प्लेन सरोवराच्या काठी आहे आणि तिथल्या मार्चचा आपल्या मार्चशी काही संबंध नाही. पारा शून्याच्या खूप खाली. बर्फ, धुकाटलेला उजेड, तोंडातून निघणारी वाफ हे सगळं फुकटात मिळालं. बदल्यात युनिटची हाडं गोठली.

पैसे कुठे वाचवलेत ते जरा लक्ष दिलं तर दिसतं. निम्मा सिनेमा गाडीत घडतो : दोन बायका, एक स्टिअरिंग, समोर अंधार. माणसं मोजकी, जागा त्याच त्या. फिल्मऐवजी डिजिटल कॅमेरा, पॅनासॉनिकचा व्हॅरिकॅम. कॅमेरा रीड मोरॅनो हिने सांभाळला. तिचं नाव तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. पुढे ती दिग्दर्शक झाली आणि २०१७ मध्ये ‘द हँडमेड्स टेल’ या मालिकेसाठी तिला टीव्हीसाठीचं एमी पारितोषिक मिळालं. इथे तिचा कॅमेरा रेच्या चेहऱ्याला इतका चिकटून राहतो की सुरुवातीच्याच दृश्यात सुरकुत्या मोजता येतात. गाडीत अर्धवट बसलेली बाई, हातात सिगारेट, डोळ्यांत पाणी, पण हुंदका नाही. गाडीतली पैशाची जागा रिकामी आहे हे आपल्याला त्यानंतर कळतं.

तरी कमी पैशात केलं म्हणून सगळं गोड मानून घ्यायचं असं नाही. शेवटाकडे कॅनडातल्या माँट्रियलच्या क्लबातला पिस्तुलाचा प्रसंग आहे, तो मला दर वेळी उसना वाटतो. तोवरचा सिनेमा पैसे मोजत चाललेला असतो आणि तिथे एकदम ‘पिक्चर’ होतो.

हा दिग्दर्शिकेचा पहिलाच सिनेमा का?

पहिला पूर्ण लांबीचा. कोर्टनी हंट, जन्म १९६४, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. आधी वकिली शिकली, मग कोलंबिया विद्यापीठात सिनेमा. तिला वाढवलं तिच्या आईने, एकटीने. नवऱ्याचं गाव सरहद्दीजवळच्या त्याच भागातलं, त्यामुळे तिथल्या चोरट्या वाहतुकीच्या गोष्टी तिच्या कानावर आल्या. गोठलेल्या नदीवरून गाडी घालून सिगारेटी आणणाऱ्या बायकांच्या गोष्टी. माणसं आणणं त्यानंतरचं.

तिने आधी याच विषयावर लघुपट केला, त्याच दोघी नट्यांना घेऊन : रे झालेली मेलिसा लिओ आणि लायला झालेली मिस्टी अपम. तो २००४ मध्ये न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला. मोठा सिनेमा यायला पुढे चार वर्षं लागली. आपल्याकडे लघुपट करणारी मुलं सहा महिन्यांत निराश होतात, त्यांना मी ही तारीखवार हकिगत ऐकवते. (त्यांना ती आवडत नाही.)

सत्यकथा आहे का?

नाही. रे आणि लायला काल्पनिक आहेत. नदी, जमात, सरहद्द आणि धंदा खरे आहेत.

नदीवरून मोटार खरंच जाते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि साहजिक आहे. आपल्या नद्यांत उन्हाळ्यात ट्रॅक्टर उतरतात ते वाळूसाठी. पाणी गोठून त्याचा रस्ता होतो हे डोळ्यांना पटतच नाही.

जाते. थंड प्रदेशातली सरकारी खाती दर हिवाळ्यात जाडीचे अंदाज सांगतात. ताजा, पारदर्शक बर्फ असेल तर माणसाने चालायला साधारण ४ इंच, मोटारीला ८ ते १२ इंच. पण हे आकडे मुख्यतः तळ्यांसाठी वापरायचे, आणि तिथेही हमी कुणी देत नाही. वाहत्या नदीचं गणित वेगळं. खालून ओढ चालूच असते, त्यामुळे एका जागी फूटभर जाड बर्फ आणि चार पावलांवर पापुद्रा, असं होऊ शकतं. वर बर्फाची भुकटी पडलेली असली की फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यात हे सगळं रात्री, दिवे मालवून.

सेंट लॉरेन्स हा काही ओढा नाही. अटलांटिकमधून थेट पंचमहासरोवरांपर्यंत मोठी जहाजं नेणारा जलमार्ग १९५९ मध्ये याच नदीवर सुरू झाला. हिवाळ्यात तो साधारण तीन महिने बंद असतो. जहाजं थांबतात तेव्हा लायलासारख्यांचा हंगाम सुरू होतो. लायलाचा नवरा अशाच एका खेपेत बर्फ फुटून गेला, हे ती सांगते तेव्हा आवाजात चढउतार नाही. मिस्टी अपमने हे वाक्य किती कोरडं टाकलंय ते ऐका.

मोहॉक कोण? पोलीस त्यांच्या हद्दीत का शिरत नाहीत?

इथे जरा थांबावं लागेल, कारण हे कळलं नाही तर अर्धा सिनेमा हातातून निसटतो.

मोहॉक हे हॉडेनोशोनी महासंघातल्या सहा राष्ट्रांपैकी एक. इंग्रजी पुस्तकांत ज्यांना इरोक्वॉय म्हणतात ते हेच. ‘राष्ट्र’ हा शब्द ते अलंकार म्हणून वापरत नाहीत. त्यांची सिनेमातली वस्ती म्हणजे अ‍ॅक्वेसास्नी. नावाचा अर्थ, तितर जिथे पंखांनी ढोल वाजवतो ती जागा. ही वस्ती न्यूयॉर्क राज्य, कॅनडाचं ओंटारियो आणि क्वेबेक या तिन्हींत पसरलेली आहे. म्हणजे दोन देश, दोन प्रांत, एक राज्य, आणि मधून नदी. अमेरिकेच्या बाजूला जमातीचं एक सरकार, कॅनडाच्या बाजूला दुसरं. म्हणून सिनेमातले पोलीस त्यांच्या हद्दीत सहज शिरत नाहीत. शेजाऱ्याकडे जेवायला जायचं तर मधे आंतरराष्ट्रीय सरहद्द लागू शकते.

१७९४ च्या जे करारात अमेरिका आणि ब्रिटन यांनी इथल्या मूळ रहिवाशांचा ही सरहद्द मोकळेपणी ओलांडण्याचा हक्क मान्य केला. कराराचा अर्थ कोण कसा लावतो यावरून भांडणं आजही संपलेली नाहीत. १९६८ च्या डिसेंबरात मोहॉक लोकांनी जकातीच्या प्रश्नावरून वस्तीजवळच्या कॉर्नवॉलचा आंतरराष्ट्रीय पूल अडवून धरला होता.

हे डोक्यात ठेवून लायला आणि रे यांचा गाडीतला संवाद परत ऐका. रे घाबरलेली, हे बेकायदा आहे म्हणते. लायलाच्या लेखी ती मोहॉकांच्या जमिनीवरून मोहॉकांच्याच जमिनीवर चालली आहे, सरहद्द आहेच कुठे? पळवाट म्हणून ती हे बोलत नाही, तिचा त्यावर खरोखर विश्वास आहे. आणि तरीही तिच्याच जमातीच्या पंचांना तिचा हा धंदा पसंत नाही. तिला गाडी विकू नका असं त्यांनी वस्तीत बजावून ठेवलंय. म्हणून तर तिला रे लागते. रेकडे दोन गोष्टी आहेत : बटणाने उघडणाऱ्या डिकीची गाडी आणि गोरा चेहरा. गोऱ्या बाईची गाडी पोलीस सहसा अडवत नाहीत, हे लायला तिला तोंडावर सांगते.

एका नव्या घरासाठी एवढं? ‘डबल-वाइड’ म्हणजे काय?

अमेरिकेत गरिबांची घरं अनेकदा कारखान्यात तयार होतात आणि ट्रकवरून येतात. एकच लांबोडका भाग असला तर ते सिंगल-वाइड. दोन अर्धे वेगवेगळे आणून जागेवर जोडले की डबल-वाइड. दुसऱ्यात माणसाला घरात असल्यासारखं वाटतं, पहिल्यात डब्यात. रेचं सध्याचं घर डब्याहून वाईट आहे. थंडीत नळ गोठतात. टीजे ते वितळवायला ब्लोटॉर्च (ज्योतीची बत्ती) लावतो आणि घरालाच आग लागते. ही मस्ती नव्हे, पंधरा वर्षांच्या पोराने घरातला पुरुष व्हायचा केलेला प्रयत्न आहे.

आता व्यवहार बघा. रेने नव्या घराचा इसार दिलाय. घर ट्रकवर लादून दारापर्यंत येतंही. पण ठरलेली मोठी रक्कम हातात नाही म्हटल्यावर ट्रकवाला घर घेऊन परत फिरतो, आणि नाताळपर्यंत पैसे भरले नाहीत तर इसार बुडणार. घर दारात येऊन परत जातं हे दृश्य मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या गल्लीतली हप्त्यावरची शिलाई मशीन आठवली. दोन माणसांनी ती उचलून टेम्पोत चढवली होती आणि काकू दारात उभ्या राहून, पदराने मशीनवरची धूळ पुसली नव्हती म्हणून त्यांची माफी मागत होत्या.

खेपेचे पैसे तिच्या पगाराच्या तुलनेत किती?

रे एका स्वस्त मालाच्या दुकानात अर्धवेळ कामाला आहे. पूर्णवेळ करू, बढती देऊ, असा शब्द मिळाला होता, पण तो नुसता शब्दच राहिला. दुकानाचा साहेब तिच्यापेक्षा निम्म्या वयाचा. तिचा पगार सिनेमात सांगितलेला नाही, पण २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातलं किमान वेतन तासाला ७.१५ डॉलर होतं. आठवड्याला २० तास धरा. १४३ डॉलर झाले, कर कापायच्या आधी. सिनेमात खेपेचा भाव बोलला जातो तो १,२०० डॉलरचा. लायलाचा वाटा गेला तरी रेच्या हातात महिन्याभराची कमाई एका रात्रीत येते.

एका प्रेक्षकांनी मला विचारलं होतं, ‘बाई लोभी नाही का वाटत?’ मी त्यांना हाच हिशोब फळ्यावर लिहून दाखवला. ते बँकेतून निवृत्त झालेले होते. बघत राहिले आणि म्हणाले, ‘हिला कर्ज आम्हीही दिलं नसतं.’

नवरा पडद्यावर का दिसत नाही?

दिग्दर्शिकेने त्याला बोलावलंच नाही, आणि फार बरं केलं. आला असता तर त्याचं व्यसन, त्याचा पश्चात्ताप, त्याची बाजू असं सगळं मांडावं लागलं असतं आणि सिनेमा त्याचा झाला असता. इथे उरते ती फक्त त्याने ठेवलेली पोकळी. टीजेला बाप हवाय. आईनेच त्याला घालवलं असा त्याचा राग आहे. आई मुलांसमोर बापाला शिव्या घालत नाही, हेही बघा.

यावरून एक आठवलं. आपल्या भाषेत अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात, सभ्यपणे म्हणायचं तर ‘परित्यक्ता’. सरकारी कागदावर हल्ली ‘एकल महिला’ आलंय. पहिल्या दोन्ही शब्दांत क्रिया नवऱ्याची आहे. आमच्या पत्रकावर मी पहिल्या वेळी ‘नवऱ्याने टाकलेल्या बाईची कथा’ असं छापलं होतं. आमच्या सभासद शिंपीणबाईंनी ते वाचून विचारलं, ‘पळाला तो, आणि टाकलेली ही?’ दुसऱ्या वेळेपासून ‘नवरा पळून गेलेल्या बाईची कथा’ असं छापतो.

टीजेला नोकरी करायची असते, तर आई नको का म्हणते?

कारण तो शाळा सोडेल. रेचा सगळा खटाटोप त्याची शाळा आणि डोक्यावरचं छप्पर टिकावं यासाठी आहे. गंमत अशी की आई त्याला प्रामाणिक नोकरी करू देत नाही आणि तो घरी बसून फोनवरून एका म्हाताऱ्या मोहॉक बाईला फसवतो, तिच्या क्रेडिट कार्डाचा नंबर काढून घेतो. धाकट्याला नाताळची भेट मिळावी म्हणून. घरातली दोन माणसं एकाच वेळी, एकमेकांना न सांगता, एकाच कारणासाठी गुन्हा करतायत. चार्ली मॅकडरमॉटने टीजे छान केलाय. त्याचा राग नेहमी मायेच्या आतून येतो.

(आधी सिनेमा बघा) पाकिस्तानी जोडप्याचा प्रसंग आपल्या प्रेक्षकांना कसा वाटतो?

एका खेपेत पाकिस्तानी नवरा-बायको असतात. त्यांच्याकडे एक कापडी बॅग. ११ सप्टेंबरनंतरची अमेरिका. रेच्या मनात पाल चुकचुकते, यात बाँब असला तर? ती बॅग वाटेत बर्फावर टाकून देते. पलीकडे पोचल्यावर कळतं, बॅगेत त्यांचं तान्हं मूल होतं.

दोघी परत फिरतात. अंधारात, त्याच बर्फावर, बॅग शोधत. मूल सापडतं, पण गार पडलेलं. रे लायलाला सांगते, छातीशी धर, ऊब दे. लायलाला वाटतं ते मेलंय. ती तरी धरून ठेवते, आणि काही वेळाने ते हलतं.

चारही वेळा या ठिकाणी आमचं सभागृह चिडीचूप झालेलं मी पाहिलंय. बॅग टाकली जाते तेव्हा मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी हसलेलं असतं, पहिल्या वेळी तर दोन-तीन टाळ्याही पडल्या. दहा मिनिटांनी तेच लोक शेजाऱ्याकडे बघायचं टाळत होते. चर्चेत यावर मी काही बोलत नाही. आणखी एवढंच सांगते की सिनेमाचं संगीत पीटर गोलब आणि शहझाद इस्मायली यांचं आहे, आणि इस्मायली यांचे आईवडील पाकिस्तानातून अमेरिकेत आलेले.

लायलाचा या प्रसंगाशी वेगळा संबंध आहे. तिचं स्वतःचं बाळ सासूने दवाखान्यातूनच उचलून नेलंय. लायला रात्री लांबून, अंधारात उभी राहून, खिडकीतून त्याला बघते. तिची दृष्टी अधू आहे आणि चष्मा नाही. म्हणजे तिला नेमकं किती दिसत असेल याचा विचार करा.

(आधी सिनेमा बघा) गुन्हा कबूल करूनही शिक्षा फक्त चार महिने?

चार महिने हा न्यायालयाचा निकाल नाही, पोलिसाचा अंदाज आहे. अमेरिकेच्या कायद्यात पैशासाठी माणसं चोरून आणण्याला १० वर्षांपर्यंतची कैद सांगितलेली आहे. पण पहिलाच गुन्हा, पदरात मुलं आणि गोरी कातडी, एवढं जमेला धरून पोलीस तो आकडा सांगतो. शेवटी जमातीच्या वस्तीत दोघी अडकतात तेव्हा पोलिसांना एक कुणीतरी हवं असतं. लायलाला पंच पाच वर्षांसाठी वस्तीबाहेर काढायला निघालेत. रे आधी पळ काढायचं ठरवते, मग परत फिरते. पैसे लायलाच्या हातात देते, मुलांचं सांगते, घराचं सांगते.

हा त्याग वगैरे म्हणून बघू नका अशी माझी विनंती असते. रे इथेही हिशोबच करते : मला चार महिने, तिला पाच वर्षं. स्वस्त काय ते तिला कळतं. लायला मग सासूच्या घरात शिरून आपलं बाळ उचलते आणि रेच्या मुलांकडे राहायला येते.

मेलिसा लिओ आणि मिस्टी अपम यांच्याबद्दल सांगा.

मेलिसा लिओ नव्वदच्या दशकात ‘होमिसाइड’ या पोलीस मालिकेत होती, ‘ट्वेंटीवन ग्रॅम्स’मध्ये होती, पण नाव सांगितलं तर चेहरा आठवणार नाही अशा नट्यांपैकी. या सिनेमाने तिला ऑस्करचं नामांकन दिलं. दोनच वर्षांनी आलेल्या ‘द फायटर’साठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तिथेही आईच, पण अगदी दुसऱ्या जातकुळीची.

मिस्टी अपम मोहॉक नव्हे, ब्लॅकफीट जमातीची. लायलाच्या कामासाठी तिला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्काराचं नामांकन मिळालं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती गेली, वय अवघं ३२. तिच्या वाट्याला अशी लांबीरुंदीची भूमिका पुन्हा फारशी आली नाही, आणि लायला बघितल्यावर त्याचा राग येतो.

ऑस्कर मिळालं का?

नाही. दोन नामांकनं होती : लिओला अभिनयासाठी, कोर्टनी हंटला मूळ पटकथेसाठी. अभिनेत्रीचं केट विन्स्लेटला गेलं, पटकथेचं ‘मिल्क’ला. त्याआधी जानेवारी २००८ मध्ये सनडान्स महोत्सवात मात्र ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार या सिनेमाने घेतला होता. त्या ज्युरीत क्वेंटिन टॅरँटिनोही होता. १ ऑगस्ट २००८ ला सोनी पिक्चर्स क्लासिक्सने तो अमेरिकेत प्रदर्शित केला आणि तिथे त्याने सुमारे २५ लाख डॉलर कमावले. खर्चाच्या मानाने उत्तम.

तो ऑस्कर सोहळा तुम्हीही बघितलेला असण्याची शक्यता आहे. फेब्रुवारी २००९, आपल्याकडे सोमवारची सकाळ, ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला आठ पुरस्कार आणि रेहमानच्या हातात दोन बाहुल्या. घरोघर टीव्ही लावून बसलो होतो. त्याच सोहळ्यात मेलिसा लिओ खाली खुर्चीत बसलेली होती. आपल्यापैकी कुणी तिच्याकडे बघितलं असेल असं वाटत नाही. मीही नाही.

मुलांना घेऊन यावं का?

अमेरिकेत त्याला आर प्रमाणपत्र आहे (सतराखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचा), मुख्यतः भाषेसाठी. शिव्या आहेत, क्लबातला प्रसंग आहे, पिस्तूल आहे. बारा-तेराच्या पुढची मुलं आईवडिलांबरोबर बसली तर मला हरकत वाटत नाही. त्याहून लहान असतील तर बॅगेच्या प्रसंगानंतर रात्री तुम्हालाच जागं राहावं लागेल.

फार रडका आहे का हो?

अजिबात नाही. रे अख्ख्या सिनेमात एकदाच रडते, ते पहिल्याच मिनिटाला.

मला एकट्या आईवर मराठीत कमी खर्चातला सिनेमा करायचाय. यातून काय घेऊ?

बर्फ घेऊ नका. हसू नका, एका तरुणाने मला खरोखर हिमाचलमध्ये शूटिंग करायची कल्पना ऐकवली होती.

तुमच्या बाईला महिन्याला किती मिळतात, घरभाडं किती, गॅस कितीला, बचतगटाचा हप्ता किती आणि कोणत्या वारी, भिशी कधी लागणार, मुलाच्या क्लासची फी कुणाकडून उसनी आणलीय, हे आधी वहीत लिहा. मग त्यातला एक आकडा काढून घ्या. गोष्ट तिथून सुरू होईल. दुसरं, तिला चांगली करायच्या फंदात पडू नका. रे उर्मट आहे, वंशवादी आहे, लायलाच्या कॅरव्हॅनच्या दारावर गोळी झाडते. तरी आपण तिच्या बाजूने असतो, कारण दाराशी आलेला ट्रक आपण बघितलेला असतो. तिसरं, तिच्यासमोर दुसरी बाई आणा, आणि त्यांना मैत्रिणी करायची घाई करू नका. रे आणि लायला एकमेकींना शेवटपर्यंत गोड बोलत नाहीत. पार्श्वसंगीताबद्दल मी बोलत नाही, त्यावरून आमच्यात भांडणं होतात.

मराठी सबटायटल आहेत का?

आमच्या खेळाला असतात, आम्हीच केलेली. ‘बलून पेमेंट’वर, म्हणजे शेवटी एकदम भरायच्या मोठ्या रकमेवर, तीन जणांचं दोन दिवस डोकं फुटलं. शेवटी ‘उरलेली एकरकमी’ असं केलं. ‘पॉप्ड ट्रंक’ची डिकी झाली आणि ‘डबल-वाइड’ तसंच ठेवलं.

खेळाला पॉपकॉर्न मिळतात का?

पहिल्या खेळाला ठेवले होते, दहा रुपयांना पुडी. रिकी सकाळी उठून पॉपकॉर्नचा वाडगा पुढ्यात घेतो तो प्रसंग आला आणि हळूहळू सगळ्या पुड्यांचा आवाज बंद झाला. खेळ संपल्यावर खुर्च्यांखालून अर्ध्या भरलेल्या पुड्या गोळा केल्या. आता मध्यंतरात फक्त चहा असतो.